रागावणं वेगळं

दसऱ्याचं जेवण मल्हाररावांकडे, हा वाबळ्यांच्या घरातला शिरस्ता ग्वाल्हेरची रियासत गेली तरी मोडला नव्हता. शिंदे की छावनीतल्या त्या दोन खोल्या आणि मागचं अंगण, एवढ्यात सगळे मावणार कसे याची विजयाबाईंना दरवर्षी काळजी लागायची आणि दरवर्षी सगळे मावायचे. यंदा देव्हाऱ्यापुढे आजेसासऱ्यांची तलवार मांडायचीही बाकी होती, तोच धाकटे दीर मुकुंदराव बायको-मुलीला घेऊन दारात उभे राहिले. एरवी पानं घ्यायची वेळ झाली की यायचे. आज आल्या आल्या त्यांनी दादांच्या पाया पडून घेतलं, वहिनींच्या तब्येतीची दोनदा चौकशी केली आणि काही काम असेल तर सांगा म्हणाले. विजयाबाई बासुंदी ढवळत होत्या. त्यांनी मनात म्हटलं, आज हे काहीतरी मागायला आलेत.

मागण्यासारखं त्या घरात एकच होतं, आणि ते या घडीला पाटावर पाट ठेवून दाराला तोरण बांधत होतं. सुतळी पुरत नाही म्हणून आईच्या नावानं हाका मारत होतं, आणि हाक मारता मारता रस्त्यानं जाणाऱ्या दूधवाल्याशी हिंदीत वादही घालत होतं.

पद्मा मुकुंदरावांची मुलगी. त्यांची पहिली बायको सुधा तापानं गेली तेव्हा पद्मा जेमतेम तीन वर्षांची होती. मुकुंदराव त्या वेळी तहसिलीच्या गावी नोकरीला होते. ते पोरीला घेऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, दोन महिने ठेवून घ्या, मी जरा सावरतो." ते सावरले, त्यांनी उषेशी दुसरं लग्न केलं, त्यांची बदली इकडून तिकडे होत राहिली, उषेला इंदू झाली, आणि त्या दोन महिन्यांची बारा वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी ते मोतीमहालातल्या सचिवालयात आले आणि माधवगंजात घर करून राहिले. तोवर पद्मा विजयाबाईंना आई आणि मल्हाररावांना आबा म्हणत मोठी झाली होती. मुकुंदरावांना ती काका म्हणायची. खरं काय ते तिला पहिल्यापासून माहीत होतं, कुणी लपवलं नव्हतं. पण तोंडाला वळण पडलं होतं ते पडलंच.

आणि आता मोतीमहाल रिकामा होत होता. मध्यभारत मोडून नवं मोठं राज्य होणार, राजधानी भोपाळला जाणार, हे वर्तमानपत्रात वाचताना लांबचं वाटलं होतं. पण गेल्या महिन्यापासून दफ्तरांचे गठ्ठे गोणपाटात शिवून ट्रकवर चढताना सगळी लष्कर पेठ बघत होती. कुणाचा मुलगा चालला होता, कुणाचा जावई. महाराज बाड्याच्या चौकात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न एकच, तुमचं काय झालं? मुकुंदरावांना हुकूम मिळाला होता. दिवाळीच्या आधी निघायचं होतं.

जेवणं व्यवस्थित चालली होती. पंक्तीत मल्हारराव, मुकुंदराव, उषा, आणि या दोघा भावांची थोरली बहीण लीलाताई. लीलाताई विधवा, माधवगंजातच राहायच्या आणि दोन्ही भावांच्या घरांवर सारखाच हक्क सांगायच्या. मुकुंदरावांच्या शेजारी सहा वर्षांची इंदू बसली होती. बासुंदीची वाटी उचलताना तिच्या हातातून ती निसटली आणि सगळी वडिलांच्या धोतरावर गेली.

काही फार झालं नव्हतं. पण त्या पोरीचा चेहरा असा पांढरा पडला, की वाढायला वाकलेल्या विजयाबाईंचा हात थांबला. इंदू म्हणाली, "मी नाही सांडली." वाटी तिच्याच मांडीवर होती. "मांजर आलं होतं," ती म्हणाली. मांजर कुठंच नव्हतं. मुकुंदराव तिला रागावले नाहीत, हात उगारणं तर दूरच. त्यांनी फक्त तिच्याकडे पाठ फिरवल्यासारखं करून पंच्यानं धोतर पुसलं आणि दादांशी मघाचं बोलणं पुढे चालू केलं. त्यानंतर इंदूनं पानातला एक घास तोंडात घातला नाही.

पद्मानं वाढायची पळी खाली ठेवली आणि इंदूला उचलून अंगणात नेलं. नळाच्या पाण्याचा आवाज आला, पद्माची काहीतरी बडबड ऐकू आली, आणि बऱ्याच वेळानं लहान मुलीचं दबलेलं हसू. विजयाबाईंनी पाहिलं, की उषा पुरीचा घास हातात तसाच धरून त्या हसण्याकडे कान लावून बसली होती.

पानसुपारीच्या वेळी मुकुंदरावांनी विषय काढला. त्यांनी बोलणं चांगलं मांडून आणलं होतं. भोपाळला सरकारी घर मिळतंय, प्रशस्त. मुलींची शाळा जवळ आहे, पुढे कॉलेजही होईल. पद्मा हुशार आहे, तिचं इथं किती दिवस चालणार? दादावहिनींनी बारा वर्षं जे केलं त्याची फेड होणार नाही, पण आता बापानंही आपलं काम करायला हवं. ते सांगताना त्यांचा आवाज एकदोनदा भरूनही आला, आणि तो खोटा नव्हता हे विजयाबाईंना कळलं. त्यामुळे त्यांना अधिकच राग आला.

लीलाताईंनी लगेच भावाची बाजू घेतली. रक्ताचं नातं ते रक्ताचं, म्हणाल्या. मुलीला काही कुणी दत्तक घेतलेलं नाही, मुलीचं दत्तक होतही नाही, उद्या लग्नाच्या पत्रिकेत नाव बापाचंच पडणार. मग चार वर्षं बापाच्या घरी राहिली तर बिघडलं कुठं? आणि पद्मा विडे घेऊन आली तेव्हा तिलाही त्यांनी सुनावलं, की काका काका काय करतेस, वडील आहेत ते तुझे.

पद्मानं विड्यांचं तबक मधे ठेवलं आणि सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहिलं. तिला विषय समजला होता.

मल्हारराव अडकित्त्यानं सुपारी कातरत ऐकत होते. एके काळचे पलटणीतले जमादार. पलटण मोडली तेव्हापासून मोटारींच्या डेपोत देखरेखीला होते आणि तिथंही सकाळी बूट घासूनच जायचे. ते हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

"एक राज्य गेलं तेव्हा पलटण गेली. आता दुसरं जातंय, तर मुलगी न्यायला आलात," ते म्हणाले. मग विडा उचलून त्यांनी सांगितलं, की पद्मालाच विचारा. लीलाताई म्हणाल्या, असल्या गोष्टी कुणी पोरींना विचारतं का? त्यांनी विडा तोंडात टाकला. त्यांच्या लेखी ते बोलणं संपलं होतं.

विजयाबाई तिथून उठल्या त्या थेट चुलीपाशी आल्या. मल्हारराव मागोमाग आले. तुम्ही सरळ नाही म्हणाला असतात तर प्रश्न मिटला असता, असं विजयाबाईंनी त्यांना हळू पण कडक आवाजात ऐकवलं. मी बारा वर्षं तिची वेणी घातली, आणि तुम्ही दोन शब्दांत तिला चव्हाट्यावर उभी केलीत.

मल्हाररावांनी ऐकून घेतलं. "अगं, घरातली वस्तू असती तर नाही म्हटलं असतं," ते म्हणाले. "पंधरा वर्षांची मुलगी आहे. तिचं तिनं सांगावं, आणि सांगेल ते आपण ऐकावं. एवढ्यासाठीच तर वाढवली."

आणि ते परत बाहेर गेले. विजयाबाई भांड्यांचा ढीग ओढून घासायला बसल्या. मोलकरीण संध्याकाळी येणार होती, पण हाताला काहीतरी हवं होतं.

राख लावता लावता त्यांना तो जुना दिवस आठवला. रियासतीच्या फौजा मोडून हिंदुस्थानच्या फौजेत घ्यायचं ठरलं, ज्यांना घेणार नव्हते त्यांना निरोप, आणि त्या निरोपाचं शेवटचं संचलन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. मल्हाररावांचा साफा धुऊन, खळ देऊन, दोरीवर वाळत घातला होता. पद्मा तेव्हा आठ-नऊ वर्षांची. त्याच आठवड्यात मुकुंदराव नव्या बायकोला आणि तान्ह्या इंदूला घेऊन भेटून गेले होते, आणि लीलाताईंनी थट्टेत पोरीला म्हटलं होतं, की नीट वाग हो, नाहीतर हे लोक तुला तिकडे पाठवून देतील. दुपारी विजयाबाई बाजारातून आल्या तेव्हा साफ्याचे सहा तुकडे अंगणात पडले होते. कात्री शेजारी होती. आणि पद्मा आपले दोन झगे रुमालात बांधून, चपला घालून, उंबऱ्यावर बसली होती. रडत नव्हती. वाट बघत होती.

विजयाबाई तेव्हा फार भडकल्या होत्या. त्या स्वतः मामाच्या घरी वाढल्या. तिथं भाजी जळली तर रात्रीचं जेवण मिळायचं नाही, आणि आपण या घरात कुणाला जड होत नाही ना, हे बघत बघतच त्यांचं लहानपण सरलं. चूक केली की शिक्षा, एवढंच त्यांना येत होतं. त्यांनी हात उगारलाही असता, पण तेवढ्यात मल्हारराव आले. त्यांनी तुकडे पाहिले. उद्या सगळ्या पलटणीपुढे काय डोक्याला बांधायचं, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. मग त्यांनी पोरीला विचारलं, जेवलीस का?

ती म्हणाली, नाही. आता मला पाठवणार ना?

मल्हारराव तिच्याशेजारी उंबऱ्यावरच बसले होते. "मी फार रागावलोय," त्यांनी तिला सांगितलं. "आज दिवसभर रागावलेला राहीन. पण रागावणं वेगळं आणि घालवून देणं वेगळं. साफा फाडलास तर तो शिवायला बसायचं. तू कुठं जाणार?"

त्या संध्याकाळी तिघांनी मिळून साफा शिवला. पद्माला सुई धरता येत नव्हती, तरी एक शिवण तिच्याकडून घालून घेतली. दुसऱ्या दिवशी मल्हारराव तोच बांधून उभे राहिले. घडी अशी बेतली होती, की शिवणी आत गेल्या. त्या दिवसानंतर पद्मानं पुष्कळ उपद्व्याप केले. गणितात नापास झाली, शेजारच्यांच्या काचा फोडल्या, एकदा सायकल चालवत पार शहरापलीकडच्या मुरारपर्यंत गेली. पण प्रत्येक वेळी घरी येऊन तिनं आपणहून सांगितलं. खोटं बोलायची तिला गरजच वाटायची नाही. आणि विजयाबाईंनाही हळूहळू कळत गेलं, की पोरीबरोबर आपणही काही शिकतोय.

"जाऊबाई."

उषा मागे उभी होती. ती भांडी घासायला खाली बसू लागली, पण बसताना तिनं भिंतीचा आधार घेतला, आणि पदर जरा सरकला. विजयाबाईंच्या ध्यानात आलं. पाचवा-सहावा महिना असावा.

"म्हणून माझी मुलगी हवी तुम्हाला?" विजयाबाई म्हणाल्या. हे त्या पुढे कितीतरी दिवस आठवून ओशाळल्या, पण त्या वेळी तोंडातून गेलं.

उषेनं मान हलवली. मी नको म्हणत होते, ती म्हणाली. बारा वर्षांत मी तिची एक वेणी घातली नाही, मग कुठल्या तोंडानं मागू? पण तिकडे माझं कुणी नाही, भाषा सोडली तर ओळखीचं काही नाही, आणि दिवस भरत आले की इंदूकडे बघणार कोण? मग बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती म्हणाली, "हे वाईट नाहीत हो. मुलीवर जीव आहे त्यांचा. पण ती चुकली की बोलणं बंद करतात. दोन दोन दिवस. ती त्यांच्याभोवती फिरत राहते, पाटीवर अक्षर काढून दाखवते, हे बघतच नाहीत. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं. आता ती झोपेत ओलं करायला लागलीय, आणि ते लपवायला सकाळी माझ्याआधी उठते."

सहा वर्षांची पोर आईच्या आधी उठते. विजयाबाईंचा राखेचा हात तसाच राहिला. मामाच्या घरी त्याही सगळ्यांच्या आधी उठायच्या. उषेचा हात धरून त्यांनी तिला उठवलं, पाटावर बसवलं आणि म्हणाल्या, भांड्यांना हात लावू नकोस.

तिकडे बाहेर वारं फिरलं होतं. उषेला दिवस गेल्याचं बोलता बोलता लीलाताईंना समजलं, आणि मघाशी भावाची बाजू घेणाऱ्या त्या एकदम उलटल्या. मग मुकुंदा, तुला मुलगी नको, आया हवी, असं त्यांनी त्याला तोंडावर सांगितलं. रक्ताचं म्हणून मी तुझ्या बाजूनं बोलले. मला काय माहीत, आत हे आहे! आणि त्या उषेनंही पत्ता लागू दिला नाही. मुकुंदराव ओशाळून म्हणत होते, की तसं नाही, दोन्ही गोष्टी आहेत. आणि विजयाबाई, ज्या मघापासून लीलाताईंच्या तोंडून हेच ऐकायला आतुर होत्या, त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, तिला नका बोलू काही. उषेचा यात दोष नाही." लीलाताई थक्क होऊन बघत राहिल्या. या घरात कोण कुणाच्या बाजूनं आहे, हे त्यांना त्या दिवशी कळेनासं झालं.

पद्मा अंगणात खाटेवर बसली होती. मांडीवर डोकं ठेवून इंदू झोपली होती. विजयाबाई तिच्याजवळ गेल्या.

"आई, मी गेले तर तू रडशील?" पद्मानं विचारलं.

"रडेन."

"खूप?"

"खूप."

पद्मानं इंदूच्या कपाळावरचे केस मागे सारले. "मग मला ठरवता येत नाही."

एका वाक्याचं काम होतं. माझ्याजवळ राहा, एवढं म्हटलं असतं तर पोर कायमची राहिली असती, आणि हे विजयाबाईंना पक्कं माहीत होतं. ते वाक्य त्यांच्या ओठांवर आलंही. त्यांनी ते गिळलं. त्यासाठी त्यांना खाटेची दोरी घट्ट धरावी लागली.

"माझ्या रडण्याकडे बघून ठरवू नकोस," त्या म्हणाल्या. "ते माझं आहे, मी बघून घेईन. तुला काय वाटतं ते सांग. गेलीस तरी तू आमची, राहिलीस तरी आमची. तिथं नाही करमलं आणि आठवड्यात परत आलीस, तरी मी तुला का म्हणून विचारणार नाही."

"वो तो मुझे पता है," पद्मा म्हणाली. तिला आश्चर्य वाटलं, की आई हे इतकं जोर देऊन का सांगतेय. मग इंदूकडे बघत तिनं सांगितलं, की मघाशी नळाखाली हिचा झगा धुताना ही मला सारखी विचारत होती, आता बाबा माझ्याशी कधी बोलतील? "मी म्हटलं, बोलतील की. तर ही म्हणते, पण कधी? मला उत्तरच आलं नाही आई. असं कुणी विचारलंच नव्हतं मला."

पोरीचं ठरलंय, हे विजयाबाईंना तिच्याआधी समजलं.

पद्मा बैठकीत गेली ती झोपलेल्या इंदूला खांद्यावर घेऊनच. ती मुकुंदरावांसमोर उभी राहिली. तिनं आवाज चढवला नाही, पण आडपडदाही ठेवला नाही.

"काका, मी येते. बाळाचं करायला नाही येत. काकूंना मदत करेन, पण शाळा बुडवून नाही. इंदूसाठी येते. सुट्टी लागली की मी इथं येणार, आणि हिलाही घेऊन येणार."

मुकुंदरावांचा चेहरा उजळला. ते काही म्हणणार, तोच ती पुढे म्हणाली, "आणि एक आहे. ही चुकली तर रागवा. पण बोलणं बंद करायचं नाही. जिस दिन आप इससे बोलना बंद करेंगे ना, मी त्या दिवशी हिला घेऊन गाडीत बसेन."

उषा दाराआड उभी होती, तिनं पदर तोंडाशी नेला. मुकुंदरावांशी अशा शब्दांत त्यांच्या दफ्तरातलं कुणी बोललं नसतं, आणि घरातलं तर नाहीच. लीलाताईंनी मल्हाररावांकडे पाहिलं, की आता तू आवर. मल्हारराव खिडकीबाहेर बघत बसले होते.

मुकुंदरावांच्या कपाळाची शीर उठली होती. ती हळूहळू खाली बसली. त्यांनी बराच वेळ या मुलीकडे पाहिलं. सुधेचा रंग, सुधेचे कान, पण ही उभी राहण्याची रीत सुधेचीही नव्हती आणि त्यांचीही नव्हती.

"तुला माझी भीती नाही वाटत?" त्यांनी विचारलं. त्यात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

पद्मा गोंधळली. प्रश्नात काही खोच आहे का, हे तिनं क्षणभर शोधून पाहिलं.

"का वाटेल?" ती म्हणाली.

मुकुंदराव उठले, अंगणात गेले आणि पाठमोरे उभे राहिले. थोड्या वेळानं मल्हारराव त्यांच्यामागे गेले. विजयाबाईंना चुलीजवळच्या खिडकीतून दोघे भाऊ दिसत होते, बोलणंही ऐकू येत होतं. मुकुंदराव म्हणत होते, की दादा, आमच्या बाबांनी, म्हणजे आपल्या बाबांनी, मी मॅट्रिकला पहिला आलो तेव्हा पाठीवर हात ठेवला होता. तेवढा एकदाच. मला वाटलं, असंच करायचं असतं. मल्हारराव म्हणाले, माझ्या पाठीवर एकदाही नाही ठेवला, मी नापासच होत होतो. आणि मग दोघे हसले. हसता हसता मुकुंदरावांनी डोळे पुसले.

इंदू जागी झाली ती दिवेलागणीला. समोर वडील बसलेले पाहून ती ताठ उठून बसली आणि आधी झग्याखाली हात घालून चाचपून पाहिलं, की ओलं तर झालं नाही ना. मुकुंदरावांनी ते पाहिलं. ते तोंड वळवणार होते. जुनी सवय होती. पण त्यांनी घसा साफ केला, आणि विचारलं, "ते मांजर कसल्या रंगाचं होतं?"

इंदूनं घाबरून पद्माकडे पाहिलं. पद्मा देवापुढच्या समईत तेल घालत होती. तिनं मान वर केली नाही.

"मांजर नव्हतं," इंदू अगदी बारीक आवाजात म्हणाली. "माझ्याच हातून सांडली."

"बरं," मुकुंदराव म्हणाले. "वहिनी, बासुंदी उरलीय का थोडी? आमचं दोघांचं खायचं राहिलंय."

*

निघायच्या आदल्या आठवड्यात विजयाबाईंनी दिवाळीचा सगळा फराळ आधीच केला. करंज्या, चिवडा, शेव. शेजारणी म्हणाल्या, अजून नरकचतुर्दशीला किती दिवस आहेत. विजयाबाई म्हणाल्या, आमच्याकडे यंदा आधी आहे. त्या तळता तळता रडल्या, आणि कढईच्या धुराचं निमित्त करून निभावून नेलं. पद्मा शेजारी बसून करंज्यांच्या कडा कातत होती. तिलाही रडू येत होतं. ती लपवत नव्हती.

ग्वाल्हेरच्या स्टेशनावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मोतीमहालातलं निम्मं दफ्तर त्याच गाडीनं चाललं होतं. ट्रंका, वळकट्या, पिंजऱ्यातले पोपट, तुळशीची कुंडी हातात घेतलेली कुणाची तरी सासू. लीलाताई सकाळपासून सूचना देत होत्या आणि मधूनच नाक पुसत होत्या. मल्हारराव सामान चढवून खाली उतरले आणि मुकुंदरावांच्या पाठीवर एकदा जोरात थाप मारून बाजूला उभे राहिले. पद्मा वाकून आईच्या पाया पडली, मग गळ्यात पडली, आणि तिच्या कानात म्हणाली, रडून घे, मग घरी जाऊन चहा पी, आबांना नीट जमत नाही.

गाडी हलली. पद्मानं इंदूला खिडकीत उभी केली होती आणि उजवीकडे बोट करून किल्ला दाखवत होती, बघ, बघ, ते लांब दिसतंय ते. इंदू काहीतरी विचारत होती आणि पद्मा सांगण्यात गुंग झाली होती. बघता बघता डबा फलाटाच्या टोकाला पोचला, वळला आणि दिसेनासा झाला.

"बघितलंस विजया?" लीलाताई म्हणाल्या. "एकदासुद्धा मागे वळून बघितलं नाही पोरीनं."

विजयाबाईंनी डोळे पुसले. पद्मा पहिल्यांदा शाळेत जायला लागली तेव्हा दर चार पावलांना मागे वळायची. आई दारात आहे का, अजून आहे का, गल्लीच्या टोकापर्यंत तिचं हेच चालायचं, आणि विजयाबाई चुलीवरचं दूध उतू गेलं तरी दारातून हलायच्या नाहीत. पुष्कळ महिने असं चाललं. मग एका सकाळी ती मैत्रिणीशी बोलत बोलत निघाली ती सरळ कोपऱ्यावरून वळून गेली. त्या दिवशी विजयाबाई घरात आल्या आणि एकट्याच बसून हसल्या होत्या.

"नाही बघितलं," त्या लीलाताईंना म्हणाल्या. त्यांना पुन्हा रडू फुटलं, आणि त्याबरोबर हसूही. लीलाताईंना वाटलं, हिचं काहीतरी बिनसलं. मल्हाररावांना तसं वाटलं नाही. त्यांनी बायकोचा हात धरला, इतक्या लोकांत, जो त्यांनी लग्नानंतर कधी धरला नव्हता, आणि टांग्याकडे चालू लागले.